गॅलरीतली दुसरी बरणी

"चार लाट्या खाल्ल्या मी, आत्ती! चार! तेलात बुडवून!" शांभवी मोरीच्या कठड्यावर ओणवी होऊन ओरडत होती. घशात बोटं घालून झाली होती, आता मिठाचं पाणी पिणं चाललं होतं.

"मग मी वाढल्या होत्या का तुला?" तिची सासू दानम्मा म्हणाली. तिनं एक काचेची बरणी छातीशी धरली होती. बरणीला शांभवीच्याच जुन्या परकराचा तुकडा गुंडाळलेला होता आणि आतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. "मी एवढंच विचारतोय, यातलं पाणी कुणी घेतलं?"

"आधी ती मोरीत ओत," दिवाणावरून दानम्माचा नवरा श्रीशैल म्हणाला. "मग विचारत बस."

"न्हाय ओतणार."

"घरात असली घाण ठेवायची आणि वर आमालाच जाब विचारायचा! सुम्निर!"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी बायकोला गप बस म्हणायला श्रीशैलला कानडीच लागायची. इतर सगळं तो मराठीत बोले.

शेजारच्या बनाबाई चटईवर पोळपाट घेऊन बसल्या होत्या. दर चैत्रात पापड लाटायला त्या यायच्या. त्यांचं लाटणं हवेतच राहिलं होतं. "मी सहा खाल्ल्या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघा की कुणीतरी. त्यात हाय तरी काय, वहिनी?"

दानम्मानं परकर खाली सरकवला. काचेला आतून हिरवागार बुळबुळीत थर होता. त्याच्याखाली गुलाबी, खरूज खाजवल्यावर दिसतो तसला. तळाला चार बोटं काळा गाळ. पाणी गेल्यामुळं वरचा हिरवा थर उघडा पडून काचेवरून शेंबडासारखा लोंबत होता. ज्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं त्या घरात सडक्या अंड्याचा वास पसरला.

"अगं आई गं," म्हणून बनाबाईंनी पदर तोंडात कोंबला. शांभवी पुन्हा मोरीकडं वळली.

झालं होतं ते असं. उडदाच्या पापडाचं पीठ भिजवायचं तर पापडखार मिठाच्या पाण्यात उकळून आदल्या दिवशी ठेवून देतात. गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी तेवढं घेतात. शांभवीनं ते पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून गॅलरीत ठेवलं होतं. दानम्माची बरणीही लोणच्याचीच, तोंडाला फडकं बांधलेली, गॅलरीतच. सकाळी दानम्मा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली. शांभवीचे हात पिठात होते. तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामा, गॅलरीतल्या बरणीतलं वरवरचं पाणी तेवढं ओतून आणा, खालचा गाळ हलवू नका." मामांनी आणलं. गाळ अजिबात हलवला नाही.

पाच किलो पीठ त्यात भिजलं, तेलाच्या हातानं कुटलं गेलं. रंग नेहमीसारखाच पिवळसर आला. हिंग सढळ होता, त्यामुळं दुसरा कुठला वास कुणाला आला नाही. लाट्या झाल्या आणि पापड करणाऱ्या बायका जशा त्या कच्च्याच खातात तशा यांनीही खाल्ल्या. दीडशे-पावणेदोनशे पापड गच्चीवर गेले. दुपारी दानम्मा परत आली, सवयीनं गॅलरीत गेली, आणि तिला दिसलं की सुनेची बरणी काठोकाठ भरलेली आहे आणि आपली अर्धी.

"मला मामांनी आणून दिलं," शांभवी मोरीतनं म्हणाली.

"तू गॅलरीतली बरणी म्हणालीस. गॅलरीतलीच आणली," श्रीशैल म्हणाला. "दोन बरण्या कुणी मांडून ठेवल्या? ह्या बाईनं. रिटायर होऊन घरात बसली तर भांड्यात किडे पाळतीय."

"किडे न्हवंत ते," दानम्मा म्हणाली. "आणि तुझी ती वॉशिंग पावडर, शांभवी, त्यात असल्याच जिवांचा रस घालतात. डाग निघतात ते त्यानंच."

"म्हणून मी पावडर खातो काय, आत्ती?"

खरं म्हणजे सुनेची बाजू दानम्माला पटत होती. बरणीतली ती वस्तू घाणच होती. तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दानम्मा मूळची निपाणीची. बारावी झालेली, म्हणून लग्नानंतर दोन वर्षांनी इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागली. घरचे नात्यागोत्यात "सर्व्हिसला आहे" असं सांगत. सर्व्हिसमध्ये ती काय करते हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बुरशीनं भरलेल्या काचेच्या ताटल्या ती धूत असे. उकळून काढलेल्या शेणापाण्यासारखा वास दुपारभर तिच्या केसांत बसे. संध्याकाळी घरी आलं की अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, असा सासूचा नियम होता. सासूनं तो घातला नसता तरी तिनं पाळला असता.

ही बरणीतली वस्तू आणली तिथले प्राध्यापक उदयसिंह सरांनी. तिचा मुलगा वरद पोटात होता त्या वर्षी सर कसल्याशा परिषदेला नैरोबीला गेले होते. तिथून पुढं एका तळ्यावर जाऊन आले आणि येताना चार बाटल्या चिखल घेऊन आले. सर उत्साही माणूस. स्टुलावर बसवून त्यांनी तिला सांगितलं की त्या तळ्याच्या काठाला जमिनीतनं उकळतं पाणी वर येतं आणि तळ्यात जातं. तळ्यातनं बाहेर पडायला पाण्याला वाट नाही. ऊन पाणी ओढून नेतं आणि त्यातला सोडा मागं राहतो, वर्षानुवर्षं साठत जातो. हात घातला तर कातडी बुळबुळीत होते. "आणि यात हे लोक मजेत राहतात, दानम्मा," सर म्हणाले. ते सूक्ष्मजीवांना लोक म्हणत.

"चांगल्या पाण्यात ठेवलं तर?" तिनं विचारलं होतं.

"मरतात."

मग त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बॉलपेनातल्या स्प्रिंगा हिरव्या रंगात बुडवून सोडाव्यात तशा वेटोळ्या एकमेकांवरून सरकत होत्या. दानम्मानं त्या दिवशी डबा उघडला नाही. बाटली धुताना दोनदा उलटी झाली. मुलगा पोटात असल्यामुळं होत असेल असं सर म्हणाले. वरद जन्मला, शाळेत गेला, शिरोलीला फौंड्रीत कामाला लागला, शांभवी त्याची बायको होऊन घरात आली, तरी तिची मळमळ तशीच राहिली.

पण काम तिचं होतं. धुण्याचा सोडा इतका, खायचा सोडा इतका, मीठ इतकं, आणखी दोन पुड्यांच्या चिमट्या. पाणी आटलं की त्या मापानं नवं करून घालायचं, कागदाची पट्टी बुडवून बघायची, गडद निळी झाली पाहिजे. खिडकीतनं सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असे, तेव्हा ती वरदला कडेवर घेऊन बसनं जाई, पहारेकऱ्याला उठवून कुलूप काढायला लावी, नाकाला पदर लावून चार पडदे सरकवी आणि परत येई. सरांच्या हाताखाली पोरं डॉक्टर झाली, पुण्याला गेली, परदेशात गेली. चाराच्या पंधरा बाटल्या झाल्या. सर कोरोनात गेले.

यंदाच्या जानेवारीत, तिच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, प्रयोगशाळेच्या फरश्या बदलायच्या निघाल्या. नव्या प्रमुखांनी सांगितलं, जुनं सगळं टाकून खोली रिकामी करा. चौदा बाटल्या दानम्मानं स्वतःच्या हातानं बेसिनमध्ये ओतल्या. गुलाबी, हिरव्या, काळ्या गुठळ्या नळीत अडकल्या तेव्हा तिनं हात घालून काढल्या. पंधराव्या बाटलीला हात घातला आणि अवनीचा फोन आला. अवनी सरांची शेवटची विद्यार्थिनी, आता तिथंच शिकवणारी, बाळंतपणाला साताऱ्याला गेलेली. फोनवर ती रडत होती. "मावशी, एक तरी जिवंत ठेवा. सरांच्या तळ्यातलं तेवढंच उरलंय. मी रुजू झाले की घेऊन जाते."

"ठेवतो की," दानम्मा म्हणाली. तेहतीस वर्षांत नवऱ्यानंही तिच्याकडं रडून काही मागितलं नव्हतं.

बाटली कॉलेजच्या डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेली, बाहेर नेता येईना. म्हणून तिनं घरनं लोणच्याची बरणी आणून तिच्यात ओतून घेतलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली तेव्हा शेजारची बाई उठून उभी राहिली.

घरात बरणीला जागा मिळेना. स्वयंपाकघराच्या खिडकीत शांभवीनं ठेवू दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या खोलीत पावणं येतात म्हणून श्रीशैलनं ठेवू दिली नाही. न्हाणीत उजेड नव्हता, आठवड्यात गुलाबी थर मातकट झाला. घरात सगळ्यात चांगलं ऊन देवघराच्या खिडकीत. पण श्रीशैल रोज सकाळी तासभर तिथं बसून लिंगपूजा करायचा. अंगावर पाल पडली तर दोनदा अंघोळ करणारा माणूस. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. शेवटी बरणी गॅलरीत गेली. येताजाता ते लोंबतं हिरवं दिसायला नको म्हणून घराच्या बाजूनं शांभवीनं तिला परकराचा तुकडा गुंडाळला. त्यामुळं घरातून बघणाऱ्याला वरचं नितळ पाणीच तेवढं दिसायचं.

"त्या कॉलेजच्या बाईंना फोन लावा," बनाबाई म्हणाल्या. "मला घरात दोन नातवंडं हायती. मरणार असलो तर सांगा, जाऊन भात तरी टाकतो."

दानम्मानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडं तान्हं बाळ रडत होतं. अवनीनं सगळं ऐकून घेतलं. आधी ती हसली, मग हसायची थांबली.

"त्यांचं पोटात काही चालत नाही, मावशी. आम्लात मरतात ते. घाबरू नका. पण बरणीत तेच एकटे आहेत असं नाही, दोन महिने घरात होती ती, आणखी काय काय वाढलं असेल मी नाही सांगू शकत. कुणाला उलट्या, जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात न्या. आणि उरलेलं पीठ टाकून द्या. पापड कुणाला देऊ नका हं." मग तिचा आवाज बदलला. "गाळ आहे ना? गाळ राहिला असेल तर जगेल. आजच्या आज सोडा करून भरा. उद्या ऊन मिळू दे. मी परवा गुरुवारी येतेच."

"हाय गाळ," दानम्मा म्हणाली.

बनाबाई उठल्या, पोळपाटाला हात न लावता चपला घालून निघाल्या. दारातनं म्हणाल्या, "मरत न्हाय म्हणतीय म्हणून जातो. न्हायतर इथंच बसलो असतो." शांभवीनं तोंड पुसलं. तिची मैत्रिणींच्या गटातली सगळी पत पापडावर होती. लग्नाच्या रुखवतासाठी तिचे पापड पार बिद्रीपर्यंत जात. ती चटईवर येऊन बसली आणि उरलेल्या पिठाच्या गोळ्याकडं बघत राहिली. गोळा तेलानं चकचकत होता.

"टाकू नको," श्रीशैल म्हणाला.

"बाई म्हणाल्या टाका."

"बाईला साताऱ्यात बसून काय जातंय? बिद्रीला शनिवारी द्यायचेत. दोन कडक उन्हं द्यायची. तिथं भाजणार, तळणार, मग राहतंय काय त्यात? आमचं काय झालं खाऊन?"

त्यानं शेजारची वाटी ओढली. वाटीत भडंग होतं, तळलेल्या शेंगदाण्याचं आणि लसणाचं. तो मूठभर तोंडात टाकून चावायला लागला. खोलीत तेवढाच आवाज होता, शेंगदाणे कडाकडा फुटण्याचा.

दानम्मा बरणी घेऊन गॅलरीकडं निघाली होती. ती थांबली.

"दाढ दुखायची राहिली का तुमची?"

"कुठली दाढ?" तो म्हणाला आणि चावायचा थांबला.

शांभवीनं मान वर केली. सकाळी तिनंच मामांपुढं बशीत पाच लाट्या तेल घालून ठेवल्या होत्या. दर वर्षी त्या संपल्यावर ते आणखी दोन मागत. आज बशी तशीच परत आली. दाढ ठणकतीय म्हणाले होते, दुपारी आत्ती आल्यावर त्यांनाही तेच सांगितलं होतं. बशीतल्या चार लाट्या तिनंच खाल्ल्या आणि एक बनाबाईंना दिली.

"वास आला होता तुम्हाला," दानम्मा म्हणाली.

"पिठात ओतायला लागलो तवा थोडा आला."

"मग?"

"मग काय? निम्मं पाणी पिठात पडलं होतं तोवर! पाच किलो पीठ! ही ओरडली असती. हिंग घातलाच होता, म्हटलं जाईल त्यात. पापडखाराला पण वास असतोयच की."

"निम्मं पडलं होतं. उरलेलं निम्मं?"

त्याच्या गालात शेंगदाणे तसेच होते, गिळता येईनात आणि थुंकताही येईनात.

"आणि ती खात होती ते बघत बसलात," दानम्मा म्हणाली. "बनाबाई खात होत्या. तुम्ही तेवढी दाढ धरून बसलात."

"मेलं न्हाय ना कोण!"

दानम्मानं सुनेकडं बघितलं. आता ही ओरडेल, वाटी उचलून फेकेल, निदान रडेल तरी, असं तिला वाटलं. शांभवीनं सासऱ्याकडं वळून पाहिलं. मग तिची नजर पुन्हा पिठाच्या गोळ्यावर आली.

"पण आत्ती," ती हळू म्हणाली, "शनिवारी बिद्रीला मी देऊ तरी काय? गच्चीवरचे निम्मे तर वाळलेतच."

दानम्माच्या पोटातून काहीतरी वर आलं. अठ्ठावीस वर्षं त्या बाटल्यांपुढं यायचं तेच. तिनं ते गिळलं आणि गॅलरीत गेली.

स्वयंपाकघरातला वजनकाटा तिनं घेतला नाही. मापं तिला हातानं ठाऊक होती. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ, कॉलेजातनं आणलेल्या दोन पुड्या. पाणी ढवळलं, शेवटची उरलेली पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. ती पाणी बरणीच्या कडेनं सावकाश सोडायला लागली तशी लोंबणारी हिरवी साल ओली होऊन काचेला परत चिकटली. गाळातनं बुडबुडे आले, वासाचा एक भपकारा थेट तिच्या तोंडावर. तिनं डोळे मिटले, ओकारी दाबली आणि बरणी गळ्यापर्यंत भरली. परकराचा तुकडा सोडून कचऱ्यात टाकला. मग बरणी उचलून ती देवघरात गेली. खिडकीतली भस्माची डबी बाजूच्या फळीवर ठेवली आणि तिथं बरणी ठेवली.

गच्चीवर पापड साडीवर ओळीनं पसरले होते. कडा वर वळायला लागल्या होत्या, रंग सुरेख होता. तिनं साडीची चारी टोकं धरली आणि सगळे पाण्याच्या बादलीत ओतले. हातानं दाबून बुडवले. थोड्या वेळानं ते एकमेकांत विरघळून गुळगुळीत लगदा झाला. तिनं खाली जाऊन पिठाचा उरलेला गोळाही आणून त्यात टाकला. शांभवीनं पोळपाट उचलून भिंतीला लावला. आडवी आली नाही.

बिद्रीच्या लग्नघराचा नंबर शांभवीच्या वहीत पहिल्याच पानावर होता.

सातला वरद कामावरून आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. श्रीशैल आधीच पाटावर येऊन बसला होता. शांभवीनं भाकरी, झुणका वाढला. दानम्मा दाराच्या चौकटीत उभी होती, तिचं ताट कुणी घेतलं नव्हतं.

"हा वास कसला?" वरदनं विचारलं. "देवघरातनं येतोय."

"काय म्हणालीस?" श्रीशैल बायकोकडं वळून म्हणाला, कुणी काही म्हणालं नसताना. "देवघरात काय ठेवलंस?"

दानम्मानं पदरानं हात पुसले.

"पापड सगळे बादलीत भिजवले," ती म्हणाली. "बिद्रीला फोन केलाय. शनिवारी पापड मिळणार न्हाईत म्हणून सांगितलं, का मिळणार न्हाईत ते पण सांगितलं. ह्यांना वास आला होता ते बनाबाईंना मी आत्ता जाऊन सांगणार हाय. बरणी परवापर्यंत देवघराच्या खिडकीत राहील, तिला कुणी हात लावायचा न्हाय. आणि उद्यापासून माझा स्वयंपाक वेगळा. ह्यांचा हात लागलेलं मी खाणार न्हाय."